मसाजच्या आधी "काही त्रास नाही ना?" असं विचारू नका

मसाज शिकताना बहुतेकांचं असं होतं की हात कसा फिरवायचा, अंगठा कुठे टेकवायचा, तेल किती घ्यायचं यात सगळे दिवस जातात आणि अगदी शेवटी कोणीतरी एक फॉर्म हातात देतं, हा क्लायंटकडून भरून घ्यायचा बरं का, सही घ्या आणि फाईलला लावा. झालं हेल्थ स्क्रीनिंग. माझंही असंच झालं होतं. नंतर बरीच वर्षं काम केल्यावर कळलं की तो फॉर्म म्हणजे स्क्रीनिंग नाहीच, स्क्रीनिंग म्हणजे त्या फॉर्मवर जे लिहिलेलं नाही ते काढून घेणं.

एक प्रसंग सांगते. साठीच्या आसपासचे एक काका, पाठ आखडलीय म्हणून आलेले. फॉर्म दिला, वीस सेकंदात परत. बीपी? नाही. शुगर? नाही. हार्ट? नाही. ऑपरेशन? नाही. सगळीकडे नाही नाही नाही, एका रेघेत टिका मारलेल्या, वाचलंसुद्धा नसणार. मी म्हटलं, काका, सकाळपासून कोणकोणत्या गोळ्या घेतल्या? तर खिशातून छोटी डबी काढली आणि सांगायला लागले, ही बीपीची, ही शुगरची, आणि ही पिवळी ती रक्त पातळ करायची, मागच्या वर्षी हार्टमध्ये स्टेंट टाकला ना तेव्हापासून. मी विचारलं, मग फॉर्मवर नाही का लिहिलंत? तर म्हणे, "अगं पण आता त्रास काहीच नाही ना!"

आणि ते खोटं बोलत नव्हते हो. त्यांच्या डोक्यात बीपी "आहे" म्हणजे बीपी वाढलेलं आहे. गोळीने १२०/८० येतंय म्हणजे बीपी नाही. स्टेंट टाकला म्हणजे हार्टचा प्रॉब्लेम मिटला. आणि स्टेंट म्हणजे ऑपरेशन थोडंच, मनगटातून नळी घालून टाकला, टाके पण नाहीत. आपण विचारतो आजार, ते उत्तर देतात त्रासाचं. शिवाय अजून एक गोष्ट असते, माणूस वेळ काढून आलेला असतो, त्याला भीती असते की खरं सांगितलं तर ही बाई मसाज देणार नाही. काहींना लाज वाटते. काहींना वाटतं पाठ दुखतेय, मग पायाचं कशाला सांगू. आणि "काही त्रास नाही ना?" या प्रश्नात तर उत्तर आधीच भरलेलं आहे, समोरचा "नाही" शिवाय दुसरं काय म्हणणार.

म्हणून माझे प्रश्न वेगळे असतात. रोजची कोणती गोळी, इंजेक्शन, पंप चालू आहे? अंगावर कुठे टाके, प्लेट, रॉड, स्टेंट, पेसमेकर असं काही? डॉक्टरकडे शेवटचं कधी गेलात आणि कशासाठी? गेल्या दोन महिन्यांत लांबचा प्रवास, प्लास्टर, ताप, पडणं, दवाखान्यात ॲडमिट होणं असं काही झालं? झोपताना किती उशा लागतात? हा उशांचा प्रश्न लोकांना गमतीचा वाटतो, त्यावर पुढे येतेच. बायकांना वेगळं विचारावं लागतं, दिवस गेलेत का, किंवा जायची शक्यता आहे का, मूल सहा आठवड्यांच्या आतलं आहे का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का. हे सगळं बसून, कपडे अंगावर असताना, दार लावून विचारायचं. काउंटरवर चार लोकांसमोर विचारलं तर कोण सांगणार आहे तुम्हाला की मला खरूज झालीय किंवा मी डिप्रेशनची गोळी घेतो.

आता खरा मुद्दा. पुस्तकांत कॉन्ट्राइंडिकेशन म्हणजे मसाज कधी द्यायचा नाही याच्या याद्या असतात, पन्नास साठ आजार. त्या पाठ करून उपयोग नाही, परीक्षेनंतर विसरतात आणि यादीत नसलेला आजार समोर आला की माणूस गडबडतो. त्यापेक्षा आपला हात काय काय करतो ते डोक्यात ठेवा. आपण ढकलतो, दाबतो, घासतो. आपण शरीराला सैल करतो. आणि आपण माणसाला तासभर एका पोझिशनमध्ये झोपवतो. समोरच्याने काहीही सांगितलं, अगदी तुम्ही कधी न ऐकलेल्या आजाराचं नाव सांगितलं, तरी हे पाच विचारायचे, याला ढकललं तर काय, दाबलं तर काय, घासलं तर काय, सैल केलं तर काय, झोपवलं तर काय. निम्मी उत्तरं आपोआप येतात, उरलेल्यासाठी डॉक्टर आहेत.

ढकलण्यात सगळ्यात घाबरायची गोष्ट म्हणजे पायातली गुठळी, डीव्हीटी म्हणतात ती, डीप व्हेन थ्रॉम्बोसिस. पोटरीत किंवा मांडीत आत खोल जी शीर असते तिच्यात रक्त गोठतं. का गोठतं याची तीन कारणं रुडॉल्फ फिर्खो नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावाने आजही शिकवतात, रक्त एका जागी साचून राहणं, शिरेच्या आतल्या भिंतीला इजा, आणि रक्तच गोठायला उतावीळ असणं. आता हे तीन डोक्यात ठेवून माझा मघाचा प्रश्न परत वाचा, लांबचा प्रवास झाला म्हणजे पाय लोंबकळत तासन् तास बसलात, रक्त साचलं. प्लास्टर म्हणजे पोटरीचा स्नायू बंद, तो स्नायूच तर रक्त वर ढकलायचा पंप आहे. ऑपरेशन झालं म्हणजे इजा पण आणि पडून राहणं पण. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, कॅन्सर यात रक्त गोठायला उतावीळ. प्रश्न उगाच नाहीयेत.

ही गुठळी शिरेला चिकटून असते तोवर एक वेळ ठीक, पण ती सुटली तर रक्ताबरोबर वर जाते, जांघेतून पोटातल्या मोठ्या शिरेत, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून थेट फुप्फुसात, आणि तिथल्या नळीत जाऊन अडकते. याने माणूस मरू शकतो. आणि आपण पोटरीच्या मसाजमध्ये नेमकं काय करतो, तर घोट्याकडून गुडघ्याकडे दाबून ढकलतो. मसाजनंतर गुठळी सुटून फुप्फुसात गेल्याच्या केसेस मेडिकल जर्नल्समध्ये नोंदलेल्या आहेत. वारंवार घडत नाही हे, पण घडलं तर "सॉरी" म्हणून भागत नाही.

ओळखायची कशी? आपण ओळखायची नाहीच, ते सोनोग्राफीचं काम आहे. आपण फक्त संशय घ्यायचा. एकाच पायाला सूज, एकच पोटरी दुखतेय आणि ते दुखणं व्यायामाच्या दुखण्यासारखं नाही, हात लावला तर दुसऱ्या पायापेक्षा गरम, रंग लालसर किंवा काळपट. "एकच" हा शब्द महत्त्वाचा. डॉक्टर लोक दोन्ही पोटऱ्या टेपने मोजतात आणि ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असला तर तो गुठळीच्या संशयाचा एक मार्क धरतात, आपल्याला टेप नको, पालथं झोपवल्यावर पायथ्याशी उभं राहून दोन्ही पोटऱ्या एका नजरेत बघायच्या. मी हे रोज करते, प्रत्येकाचं, तेलाची बाटली हातात घ्यायच्या आधी. एकदा एका मुलीची डावी पोटरी अशी फुगलेली दिसली, कातडी ताणून चकचकीत झालेली, मोज्याची खूण एकाच पायावर खोल रुतलेली. तिने "पोटरीत गोळा आलाय, तेवढा जरा जोर लावून काढा" असं सांगितलं होतं. मी हात लावला नाही. पावलं वरखाली करून दुखतंय का बघायची जुनी टेस्ट आहे ती पण करू नका, तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही, नाही दुखलं तर खोटा दिलासा मिळतो. तिला उठवून बसवलं, दम लागतोय का, छातीत दुखतंय का विचारलं, नाही म्हणाली, तर म्हटलं आज मसाज नाही, आत्ता इथून निघून डॉक्टरकडे जा आणि एकाच पायाला सूज आहे असं स्पष्ट सांगा. दम लागत असता तर तिला एकटीला जाऊच दिलं नसतं, ॲम्ब्युलन्स.

दोन्ही पायांना सारखी सूज असेल तर गोष्ट वेगळी. अंगठ्याने नडगीवर थोडा वेळ दाबून बघा, खड्डा पडून तसाच राहतोय का. राहिला तर अंगात पाणी साठतंय, हृदय, किडनी, लिव्हर, काही गोळ्या, कारणं बरीच. आणि इथे उशांचा प्रश्न येतो. ज्याला झोपताना एक उशी पुरायची आणि आता तीन लागायला लागल्यात, आडवं झालं की दम लागतो म्हणून, त्याचं हृदय नीट पंप करत नसण्याची शक्यता असते. अशा माणसाला तुम्ही सपाट झोपवणार आणि वर पायातलं सगळं पाणी हृदयाकडे ढकलणार. नको. "पाय सुजलेत, मसाजने उतरेल" हे वाक्य ऐकलं की माझे कान उभे राहतात.

ढकलण्यातच ताप पण आला. ताप असेल, किंवा एखादी जागा लाल, गरम, सुजलेली, पसरत चाललेली असेल तर शरीर आत भांडतंय, त्यात आपण हात घालायचा नाही. दोन दिवसांनी या म्हणायचं. यात चर्चा नाही.

आता दाबणं. रक्त पातळ करायच्या गोळ्या म्हणजे वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान, अशी नावं असतात, लोक नाव विसरतात पण "हार्टची" किंवा "रक्त पातळ व्हायची" असं सांगतात, पुडकं असेल तर मोबाईलवर फोटो दाखवायला सांगा. यांना मसाज बंद नाही, जोर बंद. खोल अंगठे, कोपर, कपिंग म्हणजे कप लावून कातडी ओढणं, हे सगळं बंद. मघाच्या काकांना मी हलक्या हाताने दिला, आणि कोपर लावला असता तर दुसऱ्या दिवशी पाठ काळीनिळी. आणि एक लक्षात घ्या, ही गोळी का चालू आहे हे पण विचारायचं, कारण "पायात गुठळी झाली होती म्हणून" असं उत्तर आलं तर आपण परत वरच्या गुठळीच्या मुद्द्यावर गेलो.

हाडांचं लोक सांगत नाहीत कारण ठिसूळ हाडं दुखत नाहीत, मोडेपर्यंत कळतच नाही. पाळी जाऊन वर्षं झालेली बाई, उंची कमी झालीय, पाठीला बाक आलाय, किंवा दम्यासाठी, संधिवातासाठी महिनोन्महिने स्टेरॉइडच्या गोळ्या खाल्लेला कोणीही, यांना पालथं झोपवून पाठीवर वजन टाकायचं नाही, बरगडी मोडू शकते. स्टेरॉइडने कातडीसुद्धा पातळ होते, कागदासारखी, ओढली तर फाटते. आणि काही जागा तर ठणठणीत माणसाच्याही खोल दाबायच्या नाहीत, मानेचा पुढचा भाग जिथे नाडी लागते, काख, कोपराची आतली बाजू, जांघ, गुडघ्याची मागची खळगी. शिरा-नसा तिथे वरवर असतात, वर स्नायूंची गादी नसते.

जोराबद्दल एक आगाऊपणा करून बोलते. "जितकं दुखेल तितकं चांगलं" असं मानणारे क्लायंट आणि थेरपिस्ट दोन्ही भरपूर आहेत. फार जोराच्या मसाजनंतर स्नायूंचे तंतू फुटून त्यातला माल रक्तात उतरला आणि किडनीवर ताण आला अशा केसेस नोंदलेल्या आहेत, रॅब्डोमायोलिसिस म्हणतात त्याला. दुर्मिळ आहे. पण मसाजनंतर अंग खूप दुखतंय आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची होतेय असं कोणी फोनवर सांगितलं तर "टॉक्सिन निघतायत, पाणी प्या" म्हणू नका, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. ते टॉक्सिन प्रकरण तसंही बोगस आहे, ते काम लिव्हर आणि किडनी आपल्याशिवाय करतात.

आता जे मला सगळ्यात कमी बोललं जाणारं वाटतं ते. आपण जोर कसा ठरवतो? समोरच्याला विचारून, "प्रेशर ठीक आहे ना?" म्हणजे आपली सगळी सेफ्टी त्याच्या दुखण्याच्या जाणिवेवर उभी आहे. आणि ती जाणीवच काम करत नसेल तर? बरीच वर्षं शुगर असलेल्या माणसाचे तळवे बधिर झालेले असतात, त्याला गरम दगड किती गरम आहे कळतच नाही, तो "छान वाटतंय" म्हणत राहतो आणि कातडी भाजते. ज्याने यायच्या आधी पेनकिलर खाल्लीय, ज्याने दारू प्यायलीय, पक्षाघातानंतर एक बाजू बधिर आहे, मणक्याच्या ऑपरेशननंतर पायाचा एक पट्टा सुन्न आहे, या सगळ्यांचं "ठीक आहे" हे उत्तर धरायचं नाही. मी डोळे मिटायला सांगून बोटाने हलकं शिवते आणि कुठे लागलं विचारते, दोन्ही पायांना, मिनिटभराचं काम. जिथे कळत नाही तिथे गरम काही नाही आणि जोर नाही. दारू प्यायलेला असेल तर मसाजच नाही.

शुगरवाल्यांचं अजून एक, इन्शुलिन घेत असतील तर कधी आणि कुठे टोचलं ते विचारा, नुकतं पोटावर किंवा मांडीवर टोचलं असेल तर ती जागा चोळू नका, चोळल्याने ते भरभर रक्तात जातं. आणि जेवलात का हे विचारा. टेबलवर मध्येच घाम, थरथर, बोलणं बरळल्यासारखं झालं तर शुगर ७० च्या खाली गेलेली असू शकते, शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे, पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी परत बघा. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, मदत बोलवायची.

घासण्याचं थोडक्यात, कातडी बघा. गजकर्ण, खरूज, नागीण, पू असलेले फोड, काही पसरणारं असेल तर मसाज नाही, तुम्हालाही लागण होऊ शकते आणि पुढच्या क्लायंटलाही. सोरायसिस, कोड हे एकाचं दुसऱ्याला होत नाहीत, उगाच त्या माणसाला लांब ठेवू नका, त्याने आयुष्यभर लोकांच्या नजरा सोसलेल्या असतात. तेलाची ॲलर्जी विचारा, बदाम, शेंगदाणा, तीळ यांची ॲलर्जी असलेल्याला त्याच तेलाने माखणं बरं नाही. आणि पाठीवरचे तीळ, हे माणसाला स्वतःला कधी दिसत नाहीत, आपल्याला दिसतात. वेडावाकडा, कडा फाटल्यासारख्या, दोन-तीन रंग, ६ मिलिमीटरपेक्षा मोठा, किंवा मागच्या वेळेपेक्षा वाढलेला, असा दिसला तर कॅन्सर हा शब्द काढू नका, फक्त म्हणा इथे एक तीळ आहे, स्किनच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या.

सैल होण्याचा धोका असतो हे ऐकून नवीन मुलं हसतात. पण तासभर पडून, अंग ढिलं होऊन, बीपी जरा उतरलेलं, त्यात गोळीने आधीच उतरवलेलं, आणि माणूस ताडकन उठला की डोळ्यांपुढे अंधारी आणि धाडकन खाली. मसाजच्या टेबलाची उंची लक्षात घ्या. बीपीची गोळी असेल तर आधी कुशीवर, मग बसून पाय खाली सोडून दोन मिनिटं, मग उभं, आणि तोवर मी खोलीतच, पाठ करून उभी राहते हवं तर. उलट बाजूला, बीपी १८०/१२० च्या घरात असेल तर मसाजने उतरेल या भरवशावर सुरू करू नका. त्याच्यासोबत डोकं फुटतंय, दिसायला अंधुक, छातीत दुखतंय, दम लागतोय असं काही असेल तर ती इमर्जन्सी आहे.

झोपवण्यात गरोदर बायका मुख्य. २० आठवड्यांनंतर उताणं झोपवलं की गर्भाशयाचं वजन पोटातल्या मोठ्या शिरेवर येतं, हृदयाकडे परत जाणारं रक्त कमी होतं, तिला घाबरल्यासारखं, चक्कर आल्यासारखं होतं. कुशीवर, दोन गुडघ्यांत उशी, पोटाखाली छोटी उशी. पहिल्या तीन महिन्यांत मसाजने गर्भ पडतो असं बऱ्याच जणी मानतात, नीट हलक्या मसाजने असं होतं याचा पुरावा नाही, पण त्या महिन्यांत गर्भ पडायचं प्रमाण मुळातच जास्त असतं आणि दुर्दैवाने झालंच तर ती बाई आयुष्यभर त्या मसाजला दोष देईल, म्हणून मी तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेत नाही. हा माझा निर्णय, नियम नाही. पोटरी मात्र कुठल्याच महिन्यात खोल दाबत नाही, गरोदरपणात गुठळीची शक्यता चार-पाच पट असते आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तर अजून जास्त. चेहरा आणि हात अचानक सुजलेत, अंगठी निघत नाही, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, असं सांगितलं तर पायाची मालिश राहू दे, तिचं बीपी त्याच दिवशी तपासलं गेलं पाहिजे, १४०/९० सुद्धा तिच्यासाठी जास्त आहे.

कॅन्सरबद्दल मात्र उलटं सांगायचंय. मसाजने कॅन्सर पसरतो या भीतीने थेरपिस्ट लोक पेशंटला दारातून परत पाठवतात. हलक्या मसाजने कॅन्सर पसरतो असा पुरावा नाही. आणि हीच माणसं असतात ज्यांना महिनोन्महिने सुई आणि मशीनशिवाय कोणाचा हात लागलेला नसतो. फक्त पाच प्रश्न विचारा आपले. गाठीची जागा दाबायची नाही, रेडिएशनची कातडी घासायची नाही, केमोचं औषध द्यायला कातडीखाली बसवलेला पोर्ट असेल तर ती जागा सोडायची, हाडात पसरलं असेल किंवा प्लेटलेट कमी असतील तर अगदी तळहात टेकवण्याइतका हात. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला जोर लावायचा नाही, दहा वर्षं झाली असली तरी, कारण त्या हाताला सूज पुढे कधीही येऊ शकते.

आणि काही दुखणी स्नायूंची नसतातच. खांदा आखडलाय म्हणून आलेत, पण जिना चढला की दुखतं आणि थांबलं की थांबतं, दाबून बघितलं तर दुखत नाही, मान-हात हलवून फरक पडत नाही, तर ते खांद्याचं नाही, हृदयाचं असू शकतं. उजव्या खांद्याखाली दुखणं पित्ताशयाचं असू शकतं. मान आणि डोकं एका बाजूला अचानक दुखायला लागलं, आयुष्यात असं कधी दुखलं नव्हतं, सोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, गिळायला त्रास, तर मानेला हात लावायचा नाही. कंबर दुखतेय आणि लघवी झालेली कळत नाही, बसायची जागा बधिर झालीय, तर ते त्याच दिवशी हॉस्पिटल, उद्या नाही. म्हणून दुखण्याबद्दल माझा ठरलेला प्रश्न असतो, काय केल्याने वाढतं आणि काय केल्याने कमी होतं? स्नायूचं दुखणं याचं उत्तर देतं. रात्री झोपेतून उठवणारं, कशानेच न बदलणारं, सोबत वजन उतरत चाललेलं, असं दुखणं आपलं गिऱ्हाईक नाही.

बरं, आता कळलं की काहीतरी आहे, मग? लोकांना वाटतं देणं किंवा न देणं दोनच पर्याय. मधे बरंच असतं. जोर कमी, वेळ कमी, तो भाग सोडून बाकी, कुशीवर, खुर्चीत बसवून, फक्त डोकं आणि हात. पूर्ण नाही म्हणायची वेळ फार कमी येते आणि येते तेव्हा ठाम म्हणायचं. मी असं म्हणते, "ताई, मला तुम्हाला मसाज द्यायचाच आहे, पण हे एक दाखवून या, मग देते." आजाराचं नाव घ्यायचं नाही, आपण डॉक्टर नाही.

डॉक्टरांना विचारा म्हटलं की लोक तासाभरात फोन करतात, डॉक्टर म्हणाले चालेल. डॉक्टरांना कोणी काय विचारलं हे महत्त्वाचं. "मसाज केला तर चालेल का?" म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे घरी आई तेल चोळते ते येतं, तुमचा कोपर येत नाही. म्हणून मी चार ओळी लिहून देते, साठ मिनिटं, पालथं झोपून, पाठ आणि पाय, मध्यम ते खोल दाब, यातलं काय चालेल काय नाही ते लिहून द्या. मग उत्तरं वेगळी यायला लागतात.

दर वेळी परत विचारायचं, जुना क्लायंट असला तरी. "मागच्या वेळेपासून नवीन गोळी, नवीन दुखणं, डॉक्टरची फेरी?" एवढंच. आणि कान शेवटपर्यंत उघडे ठेवायचे, कारण माझा अनुभव असा की सगळ्यात महत्त्वाचं माणूस फॉर्मवर सांगत नाही, प्रश्नांना सांगत नाही, मसाज झाल्यावर वाकून बूट घालताना सांगतो. "अहो, ते एक सांगायचं राहिलंच, परवा जरा छातीत..." अशा वेळी पुढचा क्लायंट बाहेर बसलेला असतो, चादर बदलायची असते. चादर राहू दे. त्यांना म्हणा, एक मिनिट बसा, आणि पेन घ्या.